वालूरच्या दोन मोजपट्ट्या

सेलू तालुक्यातल्या वालूर गावी विश्वनाथसरांच्या घरात पाहुण्याला चहा लगेच मिळतो, जेवण मात्र एक गणित सोडवल्यावर. हे कुणी आधी सांगितलं असतं तर रत्नागिरीहून निघताना मी डब्यात चार घावन जास्त टाकले असते. आधी रात्रभराचा प्रवास, मग हाडं खिळखिळी करणारी बस, आणि उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच सरांनी हातात कागद दिला.

"म्याडम, हातपाय धुवा, च्या घ्या. मग ह्ये जरा बगा. भाकऱ्याला टाइम हाय अजून."

आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे पाहुण्याला आधी गूळपाणी, मग गाडी कुठे किती रखडली याची सविस्तर चौकशी, मग निघताना काय काय न्यायचं त्याची यादी. कागद देत नाहीत. पण मी जन्मभर कॉलेजात भूमिती शिकवली, निवृत्त झाले तरी खाज जात नाही. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मी कागदाकडे बघायला लागले, आणि सरांच्या पत्नी महानंदाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आली बगा अजून येक. आता तीन झाले."

बाकीचे दोघं म्हणजे सर आणि त्यांची विद्यार्थिनी प्रज्ञा. सर सेलूच्या कॉलेजात शिकवतात. प्रज्ञा त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे तास घेतले तर मानधन, सुट्टी लागली की नाही. एका ऑनलाइन व्याख्यानात तिने मला असा एक प्रश्न विचारला होता की त्याचं उत्तर द्यायला मला आठवडा लागला. तेव्हापासून आमची ओळख. आता तिचा प्रबंध बांधून तयार होता आणि तो महिन्याच्या आत विद्यापीठात जायला हवा होता, कारण महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते. तोवर प्रबंध गेला नाही तर नवा मार्गदर्शक शोधायचा. या विषयातला दुसरा मार्गदर्शक आसपास कुठे नाही, म्हणजे नवा विषय, नवी नोंदणी, पुन्हा श्रीगणेशा. कायम नोकरीची आशाही त्या प्रबंधावरच होती. "सबमिशनच्या आदी तिसरी नजर पायजे मॅडम," ती फोनवर म्हणाली होती. म्हणून मी गेले.

विषय काय ते सांगते. घाबरू नका, मला आता पगार मिळत नाही, त्यामुळे मी परीक्षाही घेत नाही.

शाळेतल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा आठवा. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. अंतरं सगळी खोटी, पण एखाद्या बंदरापाशी दोन दिशांमधला कोन बघाल तर तो खरा असतो. आता असं एक जग कल्पा की जिथे कोन सगळ्यांना मान्य आहेत, पण मोजपट्टी ठरलेलीच नाही. ज्याने त्याने आपली पट्टी आणावी, आणि ती पट्टीसुद्धा जागोजागी हवी तशी लांब-आखूड व्हावी. या जगात एक पृष्ठभाग ठेवा. मोठ्या अवकाशात बसलेला हा लहान अवकाश. पुस्तकात त्याला सबमॅनिफोल्ड म्हणतात. त्याच्याबद्दल असं काय बोलता येईल जे कुणाचीही पट्टी लावली तरी खरं राहील? लांबी गेली, क्षेत्रफळ गेलं, पृष्ठभाग किती वाकलाय तेही बरंचसं गेलं. मागे उरतं ते फार थोडं. प्रज्ञाने चार मितींच्या पृष्ठभागांसाठी असं मागे उरणारं एक मोजमाप शोधून काढलं होतं. तेच तिचं मुख्य प्रमेय. बाकीचा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

आता सरांची पद्धत ऐका, कारण मी इतकी वर्षं इतक्या कॉलेजांतून हिंडले पण अशी कुठे पाहिली नाही. घर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मधे ओसरी, दोन्ही बाजूंना एकेक खोली. एखादं मोजमाप खरंच पट्टीवर अवलंबून नाही ना, हे बघायचं असेल तर सर एका खोलीत जातात, विद्यार्थी दुसऱ्या. दोघं आपापली पट्टी निवडतात, एकमेकांना सांगत नाहीत, आणि तेच गणित करतात. मग ओसरीवर येऊन उत्तरं वाचायची. जुळली तर वस्तू खरी. नाही जुळली तर ती नुसती पट्टीची करामत.

"हितं आमचं कोण तपासणार वो म्याडम? सेमिनार न्हाई, काही न्हाई. मंग आमीच येकमेकाचे परीक्षक झालो," सर म्हणाले. आमच्या कॉलेजात सेमिनार हॉल होता, वातानुकूलित. तिथे वाढदिवसाचे केक कापत. सरांच्या या दोन खोल्यांपुढे मला त्या हॉलची लाज वाटली.

त्या दिवशी त्या दोघांनी दोन खोल्या घेतल्या, आणि मला मागची ज्वारीच्या पोत्यांची खोली मिळाली. प्रश्न होता मेदूवड्याच्या आकाराच्या एका चार मितींतल्या नातेवाइकाचा. सममिती भरपूर, हाताने होण्यासारखं. मी केलं, ओसरीवर आले, तिघांनी उत्तरं वाचली. सरांचं आणि प्रज्ञाचं तंतोतंत जुळलं. माझं एकटीचं वेगळं.

"शीण हाय प्रवासाचा," सर मनापासून म्हणाले. "जेवा आता."

मला स्वतःचा राग आला. वजाबाकीची चिन्हं गिळणं ही माझी जुनी खोड आहे. पण सरांची इष्टलिंगाची पूजा आटोपून पानं मांडली गेली, आणि राग पोटात मावेना, कारण तिथे येसराची आमटी गेली. मसाल्याचं पीठ भाजून केलेली ती दाट, काळपट, नाकातून पाणी काढणारी आमटी, त्यात कुस्करलेली गरम भाकरी, वर कच्चं तेल आणि शेंगदाण्याची चटणी. नारळाचा कण नाही. नारळावाचून स्वयंपाक होतो हे मी ऐकून होते, इतका चांगला होतो हे कुणी सांगितलं नव्हतं. काकू भाकरी वाढतच राहिल्या. प्रज्ञा उठून स्वतःच तव्यापाशी बसली, तर काकू म्हणाल्या, "तू गणित कर माय, भाकरी माझ्यावर सोड."

उन्ह कलल्यावर प्रज्ञा मला गावातली बारव दाखवायला घेऊन गेली. विहीर गोल, आणि पायऱ्या सरळ उतरत नाहीत. कडेकडेने वळत, फिरत, एखाद्या शिंपल्याच्या आतल्यासारख्या खाली जातात. मी काठावर उभी राहून बघतच राहिले. ज्याने हे बांधलं त्याने वळणाऱ्या पायरीचा प्रत्येक कोपरा नीट जुळवलाय, दगडात. माझी तर कागदावर चिन्हं चुकतात. गावातल्या लोकांनी गाळ उपसून ती मोकळी केली, असं प्रज्ञा अभिमानाने सांगत होती. परतीच्या वाटेवर शेताच्या काळ्या मातीतल्या भेगेत माझी चप्पल अशी अडकली की बंदच तुटला. आमच्या जांभ्यात चप्पल झिजते, इथे जमीन ती गिळूनच टाकते. उरलेली वाट मी अनवाणी चालले, आणि प्रज्ञाने स्वतःच्या चपला पुढे केल्या तर तिला ओरडले.

येलदरी

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी सुशीला केला. भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, वर शेव, लिंबू. मग प्रज्ञा मला तिच्या गावी, येलदरीला घेऊन गेली. जिंतूर सोडलं की जमीन उंचसखल होते, आणि मग एकाएकी पूर्णा नदीवरच्या धरणाचं पाणी दिसतं. समुद्राकाठची बाई मी, पाण्याचं मला कौतुक ते काय असणार, असं वाटलं होतं. पण चहूबाजूंनी हरभऱ्याची शेतं, शेंगांनी लगडलेली तूर, आणि मधे हे निळं, न हलणारं पाणी. त्याला ना गाज, ना खारा वास. मी बराच वेळ काही बोलले नाही, आणि हे माझ्या घरच्यांना सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत.

प्रज्ञाच्या आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. जय भीम म्हणून त्यांनी मला आत नेलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मासे खाता का?" हे रत्नागिरीच्या बाईला विचारतात. मी म्हटलं, "खाते, पण समुद्राचे. नदीच्या माशाला आमच्याकडे कुणी विचारत नाही." त्या हसल्या. मग मरळ आली, तिखट, लाल रश्श्यात, ज्वारीच्या भाकरीबरोबर. मी दोनदा मागून घेतली. माझी खोड त्यांनी बरोबर जिरवली.

जेवताना मला कालचं गणित पुन्हा आठवलं. बसमध्ये मी ते दोनदा पाहिलं होतं आणि चिन्ह कुठेच गिळलेलं नव्हतं.

"काल तू पट्टी कुठली घेतलीस गं?" मी विचारलं.

"सांगायचं नसतंय मॅडम."

"आता झालं ना गणित. सांग."

"सोयीची घेतली की. आदी वाक शून्य करून घेतला. त्याबिगर लय पसारा होतो."

इथे वाचकांना एक सांगते. पृष्ठभाग सरासरीने किती वाकलाय ते पट्टीवर अवलंबून असतं, आणि अशी पट्टी नेहमी निवडता येते की त्या पट्टीने मोजल्यावर पृष्ठभागाचा वाक जागोजागी शून्य भरतो. अशा सोयीच्या पट्ट्या हव्या तितक्या असतात. ही लबाडी नाही, चांगली जुनी युक्ती आहे. काम निम्म्यावर येतं. मला मात्र ती सुचली नव्हती. मी आपली समोर दिलेली सरळसोट पट्टी घेऊन गाढवासारखं सगळं ओझं वाहिलं होतं.

"आणि सर कुठली घेतात?"

"सर कवाच सांगत न्हाईत."

"ही वाक शून्य करायची युक्ती तुला शिकवली कोणी?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. हातातला घास ताटात गेला. मग अगदी हळू म्हणाली, "सरांनीच."

म्हणजे दोन खोल्यांत दोघं वेगवेगळ्या पट्ट्या घेऊन बसत होते, प्रामाणिकपणे, एकमेकांना चोरून. पण दोघांच्याही पट्ट्या सोयीच्याच. दोघांच्याही हातात वाक शून्य. प्रमेयात वाकाचं एखादं पद राहून गेलं असलं, तर ते इकडेही शून्य आणि तिकडेही शून्य. उत्तरं जुळणारच. इतकी वर्षं जुळत आली होती.

"गोलावर तपासलं होतं मी," ती म्हणाली. "गोलावर साधी पट्टी घेतली होती. तिथं बरोबर आलं होतं."

"गोलाचा वाक सगळीकडे सारखा. राहिलेलं पद वाक बदलण्याचं असेल तर गोलावर तेही गप्पच बसणार."

तिला हे माझ्या दोन वाक्यं आधीच कळलेलं होतं. तिचे डोळे भरले आणि आवाज चढला. "मॅडम, आजच सांगायचं होतं का? म्हैना राहिलाय फक्त. कुणाला कळलं बी नसतं." लगेच म्हणाली, "सॉरी." मी म्हटलं, राग येऊ दे, मलाही आला असता. खरं तर मला तिच्याबद्दल इतकं वाईट वाटत होतं की समोरची मरळ मी तशीच ठेवली.

आईंनी आतून येऊन दोघींकडे पाहिलं. "काय झालं गं?"

"माझं प्रमेय गेलं, आई."

"गेलं म्हंजी? चुकलं का?"

"चुकलं."

आई तिच्याजवळ बसल्या. प्रमेय काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण लेकीची कितीतरी वर्षं त्यात गेलीत ते ठाऊक होतं. त्यांनी तिचं ताट उचललं, मासा पुन्हा गरम केला आणि परत आणून तिच्यापुढे ठेवला. तिने तो खाल्ला. मग आम्ही बस धरली.

पुन्हा वालूर

सरांना तिनेच सांगितलं. मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी होते आणि मनातून धास्तावले होते. अशा वेळी मोठी माणसं कशी वागतात ते मी पाहिलंय. कुणी आवाज चढवतो, कुणी म्हणतो किरकोळ आहे, तळटीप टाका. सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "म्हंजी दोन पट्ट्या कधी न्हवत्याच. येकच व्हती."

त्यांनी प्रबंधाची प्रत उचलून बाजूला ठेवली.

"असं न्हाई पाठवायचं," सर म्हणाले. "म्या सही करणार न्हाई."

"नकाच करू सर," प्रज्ञा म्हणाली. "मलाबी नको."

एवढंच बोलणं झालं. तिच्या पुढ्यातून नोकरी जात होती, त्यांच्या हातून शेवटची विद्यार्थिनी, आणि दोघांपैकी एकानेही दुसरी वाट विचारली नाही.  काकूंनी तिला सांगितलं, आज येलदरीला परत जायचं नाही, इथेच राहायचं. फोन करून आईलाही कळवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर प्रज्ञा आधीच खोलीत जाऊन बसली होती. दार लोटलेलं. सर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते आणि मदतीला आत जात नव्हते. "कामून जात नाही?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं. "माझ्या डोक्यात तीच युक्ती बसलीय वो," ते म्हणाले. "म्या गेलो की तिच्याबी डोक्यात पुन्हा तीच येणार. सबर करू."

म्हणून आम्ही दोघं बाहेर सोले निवडत बसलो, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. काकूंना आमचं काम पसंत नव्हतं. सर शेंगांतले किडके दाणे चांगल्यांत टाकत होते, लक्ष सगळं दाराकडे. त्यांना मी कोकणातल्या कुळथाच्या पिठल्याबद्दल सांगत राहिले, त्यांनी एक शब्द ऐकला नसेल.

दार उघडलं तेव्हा उन्ह डोक्यावर आलं होतं. प्रज्ञाच्या हाताला शाई लागलेली, केस विस्कटलेले. ती म्हणाली, "बहुतेक सापडलं." तिने सोय सगळी टाकून दिली होती. कुठलीही एक पट्टी न धरता, पट्टी बदलली की प्रत्येक पद कसकसं बदलतं ते एकेक करून लिहून काढलं होतं. सगळं एकमेकांत कटून शेवटी एक तुकडा शिल्लक राहत होता. वाक जागेनुसार किती बदलतो त्याचं एक पद सूत्रात घातलं, की तोही तुकडा नाहीसा होत होता. जुनं प्रमेय लंगडं होतं, त्याचा हा राहिलेला पाय. त्यावरचे पुढचे निकालही मोडत नव्हते, फक्त पुन्हा लिहावे लागणार होते. एवढं सुंदर काम एवढ्या जवळून बघायला मिळालं, याचा मला आजही आनंद आहे, आणि तिचा थोडा हेवाही.

सर म्हणाले, "चला, खोल्यांत."

"आता आपली पट्टी आपण न्हाई निवडायची सर," प्रज्ञा म्हणाली. "दुसऱ्यानं द्यायची. तुमची मी देणार, माझी मॅडम देतील, मॅडमची तुमी. आन् वाईटातली वाईट द्यायची."

सरांनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान डोलावली. मग आम्ही तिघांनी एकमेकांना छळायच्या पट्ट्या तयार केल्या. मी तिला अशी पट्टी दिली की जी दर पावलाला वेगळीच व्हायची. सरांनी मला दिलेली पाहून मी कपाळाला हात लावला. त्या पट्टीने मोजायचं म्हणजे वळवळती गांडूळं मोजण्यासारखं होतं. सरांना तिने काय दिलं कोण जाणे, पण त्यांच्या खोलीतून "शिव शिव" ऐकू येत होतं. माझं गणित दोनदा फसलं. काकू मधे येऊन ताक ठेवून गेल्या.

शेवटी ओसरीवर जमलो. मी आधी वाचलं, कारण मला धीर नव्हता. मग सरांनी वाचलं. तेच. प्रज्ञा आपल्या कागदाकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, गेलं. मग तिने वाचलं, शब्द अडखळत. तेच उत्तर.

मी तिला मिठी मारली आणि आम्ही दोघी रडलो, सांगायला लाज कसली. सरांनी तिन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाले, "प्रज्ञा, चूक म्या शिकवलेली व्हती. दुरुस्ती तुझी हाय. ती म्या शिकवली न्हाई."

पुढचे दोन दिवस ती निकाल नव्याने लिहीत होती आणि मी टंकलेखनाच्या चुका काढत होते, तेवढं मला जमतं. निघायच्या दिवशी सकाळी प्रबंधाचं पहिलं पान छापून आलं. मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, खाली सरांचं नाव, त्यावर सहीची मोकळी जागा. सरांनी पेन हातात घेतलं, टोपण काढलं, आणि लिहायच्या ऐवजी तिच्याकडे पाहिलं.

"म्या सही करू का?" त्यांनी विचारलं.

प्रज्ञाने पान आपल्याकडे ओढलं, वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं, आणि परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"करा सर."

सरांनी सही केली.